ड्यूकचा पत्र्याचा मुकुट

मित्रांनो, मी एक जुना मुकुट आहे. सोन्याचा समजून हुरळून जाऊ नका. ओमानमधल्या सहम गावी एसीची हवा खेळवायला पत्र्याचे डक्ट बनतात, त्यातल्या उरलेल्या तुकड्यातून मी जन्मलो. तरी माझा तोरा कमी नाही, कारण मी ड्यूकच्या डोक्यावर बसलो आहे.

फार जुन्या काळी हा ड्यूक आडलमार युरोपातल्या एका डोंगराळ खोऱ्यावर राज्य करायचा म्हणे. ओमानात नोकरीला आलेल्या वसईच्या एडवर्ड अंकलना कुठल्याशा पुस्तकात त्याच्याविषयी दोनच ओळी सापडल्या. दुष्काळात त्याने कोठारं उघडली, आणि मुलगा नसल्याने गादी पुतण्याला दिली. अंकलना तेवढं पुरलं. त्यांनी तासाभराचं मराठी नाटक लिहिलं आणि ड्यूक स्वतःच झाले.

मला घडवलं ते डक्ट बनवणाऱ्या कोकणातल्या बाळकृष्णाने. आत अस्तर बसायचं म्हणून पत्रा थोडा मोठाच कापायची त्याच्या हाताला सवय. मलाही त्याने तसंच कापलं. पहिल्याच तालमीत मी घसरून अंकलच्या नाकावर आलो.

"बाळकृष्णा, हा मुकुट आहे की बादली?"

"साहेब, अस्तराक जागा नको?" असं म्हणत त्याने आत काळ्या फोमची पट्टी चिकटवली. मी घट्ट बसलो, पण झालेलं हसं मला बरेच दिवस बोचत राहिलं.

१९९६ पासून दर नाताळात ओमानमधल्याच बरका गावातल्या एका बागेत आमचा खेळ व्हायचा. शेवटी म्हातारा ड्यूक मला पुतण्याच्या, म्हणजे ते काम करणाऱ्या लेस्टरच्या डोक्यावर ठेवायचा आणि टाळ्या पडायच्या. उरलेलं वर्ष मी खोक्यात, खजुराच्या डब्याखाली. एकदा माझं टोक वाकलं, कुणी पाहिलंही नाही. फार वाईट वाटलं.

२००८ साली अंकलची नोकरी संपली आणि नाताळचा खेळ झाला की ते कायमचे वसईला जाणार होते. पुढे लेस्टर ड्यूक होणार, असं ठरलं होतं. पण खेळाच्या आठवड्यातच त्याला लांब दुक्मला बंदराच्या कामावर जावं लागलं.

"खलास," अंकल म्हणाले. "वारसच नाही, तर नाटक कसलं?" त्यांनी मला कचऱ्याच्या पिशवीशेजारी ठेवलं.

तेवढ्यात लेस्टरची मुलगी ॲनेट पुढे झाली. शाळेत सतत इंग्रजी, त्यामुळे तिचं मराठी अडखळायचं. "अंकल, मी करते. पप्पा घरी प्रॅक्टिस करतो ना, मला लाइन्स येतात."

"अगं, तो पुतण्या आहे."

"मग पुतणी करा. दोनच ओळी खऱ्या. बाकी तुम्हीच बनवलं ना?"

अंकलना हसू आवरेना. बाळकृष्णाने माझ्या आत आणखी दोन पट्ट्या लावल्या.

खेळाच्या दिवशी मी तिच्या डोक्यावर टेकलो आणि ती सगळं विसरली. तिची मान खाली गेली, पण पट्ट्यांनी मला धरून ठेवलं. मग ती हळू म्हणाली, "मला सगळं बोलता नाही येत. पण मी सांभाळीन."

ते ऐकून ड्यूक पुतणीसमोर गुडघ्यावर बसला. नाटकात असं लिहिलेलं नव्हतं.

अंकल वसईला गेले. मी आता ॲनेटच्या कपाटावर असतो. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ती मला पुसते, वाकलेलं टोकही तिनेच सरळ केलं. नाताळात नाटक होतं, ड्यूक तीच असते.

तर मित्रांनो, एखादी जुनी वस्तू तुमच्या हाती आली आणि मापाला मोठी वाटली, तर लगेच टाकून देऊ नका. आतून एक पट्टी लावून बघा. ॲनेटनंतर कोण, ते मला ठाऊक नाही. पण माझ्यात अजून जागा आहे.