‘आपले’ असं लिहिलेली बाजू

मित्रांनो, मैदानावर ज्याच्याकडे सगळे बघतात आणि ज्याला कुणीच बघत नाही, असा मी एक जुना लाकडी स्कोअरबोर्ड आहे. चेन्नईत पेरुंगुडीला, काचेच्या उंच ऑफिसांच्या गर्दीत एका शाळेचं मैदान उरलं आहे. त्याच्या भिंतीला टेकून मी उभा असतो. समुद्र माझ्या पाठीमागे. तो मला दिसत नाही, पण दुपार कलली की त्याचा वारा येतो आणि माझ्या खिळ्यांवरचे पत्र्याचे आकडे किणकिणतात.

माझा जन्म इथला नव्हे. समुद्रापल्याड, आगबोटीने कितीतरी दूर, हिरवी बेटं आहेत. तिथल्या रानात मी लाल लाकडाचं झाड होतो. मला कापलं, माझी पेटी केली, पेटीत कसलंसं बिघडलेलं यंत्र भरून दुरुस्तीला इथे पाठवलं. यंत्र गेलं कारखान्यात, पेटी राहिली बंदरावर. बंदराच्या ऑफिसात सेतुमाधवराव नोकरीला होते. त्यांनी मला हातगाडीवर घालून घरी नेलं.

सेतुमाधवराव तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी दक्षिणेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात तमिळ. ही शाळाही अशाच चार घरांनी मिळून काढलेली. सुताराने मला उभं केलं, आणि अक्षरं रंगवायला बसल्या सेतुमाधवरावांच्या पत्नी, गोदाबाई. रंगवता रंगवता त्या गुणगुणत होत्या,

समुद्राच्या पल्याड गे माझ्या भावाचं घर,
होडी नाही, बोट नाही, वाऱ्या, निरोप तू धर.

डाव्या बाजूला त्यांनी ‘आपले’ लिहिलं, उजव्या बाजूला ‘पाहुणे’, आणि खाली तेच तमिळमध्ये.

“इंग्रजीतलं ‘होम’ म्हणून लिहायचं असतं गे,” सेतुमाधवराव म्हणाले.

“घर म्हणून लिहिलं तर कोणाचं घर म्हणून भांडाल. आपले म्हणून असू दे. जो येईल तो आपला.”

सरी, बरं तर, म्हणाले सेतुमाधवराव. गोदाबाईंपुढे ते एवढंच म्हणत.

ते दिवस सुखाचे होते. मुलं खेळत, मी आकडे सांगत असे. दसऱ्याच्या आयुधपूजेला माझ्या कपाळी चंदन-कुंकू लागे, झेंडूची माळ पडे. पुढे पोरं दुसरीकडच्या दिव्यांच्या मैदानांवर गेली. माझ्या पायाला वाळवी लागली. कुणी माझ्यावर डबे अडकवले, कुणी ओले टॉवेल. लाकडाला कुठे हात असतात झटकायला?

मग एके दिवशी सेतुमाधवरावांची पुतणी श्रीरंजनी मैदानात आली. सिरुसेरीला कॉम्प्युटरची नोकरी करणारी. बेटांवर फिरायला गेली होती, तिथे भरती ओसरल्यावर ओल्या वाळूत फुटबॉल खेळणारी पोरं पाहून आली आणि त्यांचीच होऊन बसली. त्या पोरांचा आता व्यावसायिक संघ झाला होता, मोठ्या लीगमध्ये शिरला होता. पण लीगवाले म्हणाले, “तुमची बेटं फार लांब. पाऊस पडला की मैदानाचं तळं होतं. तिकडे यायला कुठलाच संघ तयार नाही. तुमचे घरचे सामने चेन्नईत खेळा.”

म्हणजे घरचा सामना खेळायलाही पोरांनी समुद्र ओलांडायचा! पण रंजनीने हो म्हटलं. आमचं मैदान मिळवलं, ती त्यांची व्यवस्थापक झाली, आणि माझ्या पायाला नवं लाकूड ठोकलं.

पहिल्या दिवशी ती पोरं आली, तेव्हा कप्तानाने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि ओळखलं. “अक्का, हे तर आमच्याकडचं लाकूड!” मित्रांनो, तेव्हा मला बोलता आलं असतं तर!

पोरं जीव लावून खेळत. पण माझ्या डावीकडची बाकं रिकामी असत. बेटांवरची माणसं एवढ्या लांब येणार कशी? तिथे बसत सेतुमाधवराव, गोदाबाई, रंजनी आणि एखादं कुत्रं. उजवीकडे मात्र, समोर कुठलाही संघ असो, चेन्नईकरांची दाटी.

त्या दाटीतला मोठा आवाज वेंकटचा. तो सेतुमाधवरावांचा शेजारी, चेन्नईच्या संघाचा जुना भक्त.

“काय रंजनी,” तो ओरडे, “तुझ्या बेटावर माणसं किती आणि नारळ किती? नारळांनाच तिकिटं वीक!”

“नारळ बरे, मामा,” रंजनी म्हणे. “जागेवर बसून तरी राहतात. तुम्ही अर्ध्या खेळातून चहाला पळता.”

सगळे हसत. वेंकटही हसे. मग सेतुमाधवरावांना हळूच विचारे, “पण खरं सांगा अण्णा, एवढ्याशा बेटांवर असला संघ टिकेल काय?”

“तो प्रश्न बेटाला कशाला विचारतोस?” सेतुमाधवराव म्हणत. “तो या रिकाम्या बाकाला विचार.”

लीगची एक अट होती. घरचे सगळे सामने खेळून दाखवायचे. एक जरी चुकला, तरी पुढच्या वर्षी संघाला जागा नाही. एकच सामना उरला होता, तोही चेन्नईच्या संघाशी. मधे सुट्टी होती म्हणून पोरं घरी गेली. जाताना माझ्याजवळ उभी राहून म्हणाली, “जाऊन येतो.” ‘जातो’ म्हणायचं नसतं, हे त्यांना गोदाबाईंनी शिकवलं होतं.

आणि समुद्रात वादळ उठलं.

वादळ तिकडे. इथे लख्ख ऊन. आगबोट सुटली नाही, विमान उडालं नाही. सामन्याच्या दुपारी उजवी बाजू भरली, चेन्नईचा संघ मैदानात उतरला. रंजनी लीगच्या साहेबांपुढे हात जोडून उभी होती.

“सर, चार दिवस पुढे ढकला. तिथे समुद्र उलटलाय.”

“नियमात तुमचं घर हे मैदान आहे ना?” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता, दमलेला होता. “घरी ऊन आहे, बाई. घरी ऊन असताना सामना कसा ढकलू?”

 रंजनीचा फोन वाजला. वाऱ्याच्या घोंघाटातून कप्तानाचा आवाज आला, “अक्का, आम्ही धक्क्यावर आहोत. बूट घालून उभे आहोत. त्यांना सांग, आम्ही बूट घातलेत.”

रंजनीने सांगितलं. साहेबांनी मान खाली घातली.

शिट्टी वाजली. समोर कुणीच नव्हतं. पंच थांबले, घड्याळ बघत राहिले, पुन्हा शिट्टी वाजली. न खेळता हरलेल्याला लीगमध्ये तीन गोल लागतात. सेतुमाधवराव माझ्यापाशी आले. ‘पाहुणे’च्या खिळ्यावर त्यांनी तीनचा आकडा टांगला. ‘आपले’च्या खिळ्यावर शून्य.

मला ओरडावंसं वाटलं, हे खोटं आहे! चेंडूला पायही लागला नाही. पण मी फळी. जे टांगाल तेच मी बोलतो.

कुणी टाळी वाजवली नाही. वेंकट उठला, मैदान ओलांडून डावीकडच्या रिकाम्या बाकावर गोदाबाईंशेजारी येऊन बसला.

“कशाला आलास रे इकडे?” गोदाबाईंनी विचारलं.

“बघवेना, अक्का. ही बाजू फार रिकामी दिसते.”

“रोजच दिसत होती, वेंकटा,” गोदाबाई म्हणाल्या.

 उजवीकडची आणखी काही माणसं उठून डावीकडे आली. बसली. बघायला मात्र काही नव्हतं.

मित्रांनो, पोरं पुन्हा आली नाहीत. त्यांना जागाच राहिली नाही. बेटांना संघ पेलवत नाही, असं आता सगळे म्हणतात. सेतुमाधवरावांनी आकडे काढले नाहीत, मलाही ते झटकता येत नाहीत. मला रंग द्या, माझी वाळवी काढा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो. कुणी लांबून तुमच्या अंगणात खेळायला आलं, तर खेळ चालू आहे तोवरच त्याच्या बाजूला जाऊन बसा.

तीनचा आकडा गंजून खिळ्याला चिकटला आहे. शून्य मात्र अजून सुटं आहे. दुपार कलली, समुद्राचा वारा आला, की ते एकटंच हलतं, किणकिणतं, बूट घालून कुणी वाट बघत असल्यासारखं.