सगळ्यात खालची चकती

आमच्या प्रयोगशाळेत हवेतली धूळ चाळणारं एक यंत्र आहे. मुठीत मावेल एवढं, आत चकत्या एकाखाली एक रचलेल्या. पंप हवा ओढतो. जाड धूळ वरच्या चकतीवर बसते, बारीक तिच्याखाली आणि जी खोकूनही निघत नाही, थेट छातीत जाऊन घर करते, ती सगळ्यात खालच्या चकतीवर. आपटलेली धूळ उडून खाली जाऊ नये म्हणून प्रत्येक चकतीला मी ग्रीसचा पातळ हात देते, काट्यावर तोलते, मगच यंत्र कामगाराच्या कॉलरला लावते.

बाबा दगड कापायच्या शेडमध्ये होते. त्यांना त्याच धुळीने नेलं. तेव्हापासून मी नीट रडलेली नाही, नीट हसलेलीही नाही. लोक म्हणतात, खंबीर आहे हो. कसली खंबीर! बसून बसून पाय झोपतो, तसं माझं आतलं सगळं झोपलंय.

धाकटा भाऊ त्याच शेडमध्ये, बाबांच्याच मशीनवर लागला. सोड म्हणून सांगून माझं तोंड दुखलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून शेडची तपासणी माझ्याकडे आली तेव्हा यंत्र मी त्याच्याच कॉलरला लावलं. खालच्या चकतीचा आकडा मर्यादेबाहेर गेला, की धूळ ओढणारे पंखे बसेपर्यंत शेड बंद. म्हणजे तोही बाहेर. मला तेवढंच हवं होतं.

पाळी संपल्यावर तो स्वतःच यंत्र घेऊन आला. उसनी वस्तू पुसून परत करायची, ही आईची शिकवण. "घे, चकाचक केलंय," असं म्हणाला आणि खोकला.

वरच्या चकत्यांवर धूळच धूळ होती. खालची मात्र आरशासारखी. काट्यावर ठेवली, तर सकाळी ग्रीससकट भरली होती त्याहूनही हलकी भरली. पुन्हा तोलली. तेच. धूळ बसली नाही असं एकवेळ धरू, पण ग्रीस कुठे जाईल? कुणीतरी ती पुसली होती आणि बाकीच्या सोडून नेमकी तीच.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. त्याने चहा पुढे ठेवला.

"यंत्र उघडलंस?"

"पुसत होतो, आतूनही पुसलं."

"मग वरच्या का सोडल्यास?"

त्याने कप बशीत फिरवला. "यंत्र कसं चालतं ते तूच दाखवलं होतंस ना, ताटल्या एकावर एक रचून? खालची बघितलीस की तू बाबांच्या वेळेसारखी होशील. भिंतीकडे तोंड करून बसायचीस, ताई. हाक मारली तरी बघायची नाहीस. मला ते परत नको होतं."

मला गलबलून यायला हवं होतं. आलं नाही. हा वेडा माझ्यापायी जीव घालवायला निघालाय, एवढं कळलं. चहा गार झाला होता, तो पिऊन टाकला.

सकाळी नव्या चकत्या घातल्या, यंत्राच्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळली आणि शेडमध्ये जाऊन ते त्याच्या कॉलरला लावलं.

"आता पुसू नकोस. मला काही होणार नाही. मी दगड झालेय."

"दगड कापायचंच काम आहे माझं," तो म्हणाला. पण या वेळी त्याने यंत्राला हात लावला नाही.

पाळी संपल्यावर उघडलं, तर खालच्या चकतीवर राखाडी साय धरली होती. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर. मी तो अहवालात लिहिला, शेड बंद करावी असं लिहून खाली सही केली. 

मग नेहमीसारखं यंत्र साफ करायला घेतलं. वरच्या चकत्या भराभर पुसल्या. खालचीवर फडकं ठेवलं आणि तिथेच थांबले. त्याने ती माझ्यासाठी पुसली होती. मला पुसवेना. दाराबाहेर तो खोकत माझी वाट बघत उभा होता आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच मला रडू आलं.