चार मिनिटं एकेचाळीस सेकंद

त्या आठवड्यात आईने पाच दिवस दुपारचं धड जेवण केलं नाही, आणि त्याला जबाबदार मी होतो. माझे वडील गेल्यावर त्यांचा आवाज म्हणून जगात एकच गोष्ट उरली होती, एका ध्वनिमुद्रणाच्या शेवटी त्यांनी दिलेला एक हुंकार. तो मी, त्यांच्या सख्ख्या मुलाने, दोष म्हणून यादीत लिहिला आणि पुसून घेतला. हे आता इतक्या जणांना सांगून झालंय की सांगायचाही कंटाळा आलाय. तरी सांगतो.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. पुढे मालक गिऱ्हाइकाला फ्रेम किती शोभते ते सांगतात, मागे मी काच मापाला कापतो, कडा घासतो, बसवतो. याला तीस वर्षं झाली. खांदा गेलाय, डोळे जायच्या बेतात आहेत. यंत्राच्या घरघरीने कान तरी जाऊ नयेत म्हणून हेडफोन लावतो आणि त्यात सिनेमांचं पार्श्वसंगीत ऐकतो. गाणी नाहीत. पडद्यावर कोणी काही बोलत नसताना मागे जे वाजतं, ते. त्याचे अल्बम निघतात आणि ते मुद्दाम ऐकणारी माणसं असतात, यावर मालकांचा अजून विश्वास बसलेला नाही.

अशा माणसांचा आमचा एक ग्रुप आहे, 'पाट्या संपेपर्यंत'. सिनेमा संपून नावांच्या पाट्या सरकू लागल्या की लोक पिशव्या सावरत उठतात, आम्ही बसून राहतो. झाडणारा आमच्या पायांखालून झाडून घेतो. एके काळी चाळीस जण होतो, आता अकरा उरलोत आणि त्यातले बोलणारे तीन-चार. रोज सकाळी कोणीतरी विचारतं, 'आज कानात काय?' मग ज्याने त्याने अल्बम, मत आणि दहापैकी गुण लिहायचे. नियम एकच. शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही.

एका मोठ्या इस्पितळात भूलतज्ज्ञ असलेल्या बाई लिहितात, 'समुद्री चाच्यांचा सिनेमा, भाग दुसरा. ढोल इतके, की माझा पेशंट उठून बसेल. चार.' गोदामावर काम करणारा, ज्याला आम्ही गोदामच म्हणतो, तो लिहितो, 'त्या घटस्फोटाच्या सिनेमाचा. नुसता पियानो. निर्मात्याचे पैसे संपले होते की नवऱ्याचे शब्द, कळत नाही. पण साडेसात.' आणि मास्तर, निवृत्त भूगोल शिक्षक, लिहायचे, 'कालचाच पुन्हा. घाईने मत देणाऱ्यांनी कधीतरी दुसऱ्यांदा ऐकून बघावं.'

मला तिथे कानकोरणं म्हणतात. वादकाने पान उलटल्याची खसखस, खुर्चीची कुरकुर, स्टँडला काहीतरी लागल्याचा टक्, असलं सगळं मी कोरून काढतो आणि मिनिट-सेकंदासकट लिहितो. गोदाम त्यावर 'वा' म्हणतो. माणसाला कशाचा तरी माज असतोच. मला याचा होता.

बाबा सिनेमांच्या वादकवृंदात चेलो वाजवायचे. बोलावणं आलं की जायचं, वाजवायचं, परत यायचं. पाट्यांमध्ये त्यांचं नाव कधीच आलं नाही. 'वादकवृंद' या एका शब्दात सगळ्यांना कोंबलेलं असायचं. घरीही त्यांचं बोलणं बेताचं. "बाहेर निघालात?" "हं." "पोरगा गणितात गटांगळी खाऊन आलाय." "हं." अकरा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा घरात फोटो ढीगभर होते, पण आवाज कुठेच नव्हता. मुळात ते बोलले असते तर कोणी टेप करणार ना.

दीपगृहाच्या एका रखवालदारावर सिनेमा निघाला होता. आठवडाभरात आपटला, पण त्याचा अल्बम आमच्या ग्रुपचा लाडका. त्यातल्या तिसऱ्या तुकड्यात फक्त पाच चेलो आहेत आणि त्यातले एक बाबा. आईला मी तो रोज दुपारी लावून द्यायचो. एक वाजता दुकान बंद झालं की घरी यायचं, दोन गल्ल्यांवरच घर आहे. आई स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसलेली असायची.

"लाव तुझ्या बाबांचं," ती म्हणायची.

मी स्पीकरवर तिसरा तुकडा लावून न्हाणीघरात जायचो. काचेच्या भुकटीचा शर्ट बदलून हातपाय धुवायला साडेचार-पाच मिनिटं लागतात. बाहेर यावं तर ताटं वाढलेली. आईला या वयात पार्श्वसंगीताची गोडी लागली म्हणून मी ग्रुपवर मिरवलंही होतं. शेवटी नेमकं काय होतं ते मी कधी पाहिलंच नाही, कारण नळ चालू असायचा.

गेल्या वर्षी संगीत कंपनीने जाहीर केलं की त्या अल्बमची स्वच्छ केलेली नवी आवृत्ती काढणार आणि चाहत्यांनी जुन्यातले दोष कळवावेत. मी आठ दिवस कान देऊन ऐकलं आणि त्रेसष्ट दोष काढले. ग्रुपवर यादी टाकली तशी वाहवा झाली. फक्त मास्तरांनी लिहिलं, 'वाजवणारी माणसं होती. माणसं श्वास घेतात, खुर्चीत हलतात. ही दोषांची यादी नाही, हजेरी आहे.'

मी उत्तर दिलं, 'मास्तर, तुमचे कान वयाने गेलेत. ऐकण्यातूनही निवृत्ती घ्या.'

ते ग्रुप सोडून गेले. त्यांना परत बोलवावं असं मला वाटलं नाही. उलट मी माझी जुनी सीडीसुद्धा ताडून बघायला म्हणून कंपनीला पाठवून दिली. आभाराचं पत्र आलं, सीडी काही आली नाही.

नवी आवृत्ती शुक्रवारी आली, मी आईला ज्या ॲपवरून लावून द्यायचो त्यावरच, आणि जुनी त्याच दिवशी तिथून काढून टाकली गेली. आभाराच्या यादीत छापलं होतं, 'कानकोरणं'. बाबांनी आयुष्यभर वाजवूनही त्यांचं नाव आलं नाही, आणि माझं टोपणनाव आलं. त्या भरात त्या दुपारी मी न्हाणीघरात गेलोच नाही. आईला नवी आवृत्ती लावून दिली आणि तिचं तोंड बघत उभा राहिलो.

पाची चेलो थांबले. शेवटचा सूर विरत गेला. आई मान वळवून स्पीकरकडे बघत म्हणाली, "वाढू?"

मला वाटलं, मलाच विचारतेय. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. थोडा वेळ थांबली. मग चौथा तुकडा सुरू झाला आणि तिचा चेहरा उतरला.

"आज बोलले नाहीत," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण काय? तुझे बाबा. शेवटी 'हं' म्हणतात ना."

यादीतला सतरावा दोष मला तोंडपाठ होता. 'तुकडा तिसरा, चार मिनिटं एकेचाळीस सेकंद. कोणीतरी हुंकार देतो. काढावा.'

अकरा वर्षं रोज दुपारी ती विचारत होती आणि ते हो म्हणत होते. मग ती वाढायची आणि आम्ही दोघं जेवायचो. मला ताट तेवढं दिसायचं.

"ते गेलेत हे मला कळतं बरं का," आई म्हणाली. "माझं डोकं ठिकाणावर आहे. पण विचारल्याशिवाय मी कधी वाढलं नाही. आणि तिकडून हो आलं नाही की घास खाली उतरत नाही."

तिने मला वाढलं. स्वतः दोन घास घेतले आणि ताट झाकून ठेवलं. शनिवारी तेच. रविवारी मला राहवेना, मी यादीचं सगळं सांगून टाकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुला ते ऐकू आलं होतं ना?" तिने विचारलं. "मग कोणाचं आहे ते नाही ऐकू आलं?"

"तू कधी बोलली नाहीस."

"मला वाटलं, तुला माहितीये. म्हणूनच रोज लावतोस."

शेकडो वादकांच्या खुर्च्या ओळखणाऱ्या मला बाप ओळखता आला नाही. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा थकवा जास्त आला.

सोमवारी ग्रुपवर सगळं लिहिलं. कंपनीला विचारलं, तर कळलं की जुनी आवृत्ती आता उपलब्ध नाही आणि माझी सीडी सापडत नाही. गोदाम बिचारा जुन्या बाजारात दोन तास खोकी उपसून आला. भूलतज्ज्ञ बाईंकडे सीडी निघाली, पण तिसरा तुकडा दुसऱ्या मिनिटाला अडकून तेच तेच वाजवतो. शेवटी बाईंनी लिहिलं, 'मास्तरांकडे कॅसेट आहे. फोन तुम्हीच करा. माफी मागताना भूल देता येत नाही.'

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून फोन लावला.

"मास्तर, मी कानकोरणं बोलतोय."

"बोला. माझे कान गेलेत, जरा मोठ्याने बोला."

ते माझ्या वाट्याचंच होतं, मी ऐकून घेतलं. माफी मागितली. मग आईचं सांगितलं, 'वाढू'चं सांगितलं, सतराव्या दोषाचं सांगितलं.

"कॅसेट आहे," मास्तर म्हणाले. "टेपरेकॉर्डरही चालतो. पण ते कॉम्प्युटरवर उतरवणं वगैरे मला जमायचं नाही."

"मी येऊन घेऊन जातो." ते दुसऱ्या गावी राहतात, दिवसभराचा प्रवास आहे. "रविवारी येऊ?"

"रविवारपर्यंत त्यांना उपाशी ठेवता? उद्या एक वाजता फोन करा. मी फोन स्पीकरला लावून धरतो."

बुधवारी मी मोबाइल मोठ्या आवाजावर करून आईसमोर दुसऱ्या स्टुलावर ठेवला. मास्तर पलीकडून म्हणाले, "नमस्कार. लावतोय हं," आणि खटका दाबल्याचा आवाज आला.

आधी नुसती खरखर. मग चेलो. फोनमधून ते पातळ आणि लांबचे वाटत होते, पण सगळं होतं तिथे. पान उलटलं. डावीकडची खुर्ची कुरकुरली. कोणीतरी नाकाने श्वास घेतला. नको नको म्हणताना मी मनात आकडे मोजत होतो. आई हात मांडीवर ठेवून बसली होती.

शेवटचा सूर विरू लागला. चार पस्तीस. चार छत्तीस. चार अडतीसला टेपरेकॉर्डरचं बटण खटकन वर आलं.

कॅसेटची पहिली बाजू तिथेच संपत होती. बाजूत बसावं म्हणून कंपनीने शेवटचे काही सेकंद तेव्हाच छाटले होते. हे मला सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही, आणि मास्तरांच्याही लक्षात नसावं. आता फोनमध्ये काहीच नव्हतं.

"वाढू?" आईने विचारलं.

फोन बंद करावा म्हणून मी हात पुढे केला. तेवढ्यात आतून आलं, "हं."

चार चव्वेचाळीस. तीन सेकंद उशिरा. बाबांच्या आवाजापेक्षा वरचा, जरा घोगरा, तोंड फोनच्या अगदी जवळ. तो मास्तरांचा आवाज होता. त्यासाठी कानकोरणं असायची गरज नव्हती.

आई फोनकडे बघत राहिली. मग तिने गुडघ्यावर हात टेकले, उठली आणि ताटं घेतली.

मी फोन कानाला लावून स्वयंपाकघराबाहेर आलो. "मास्तर," मी म्हटलं.

"कॅसेट तीन सेकंद आधी संपते," ते म्हणाले. "तुमच्या यादीत घाला." आणि त्यांनी फोन ठेवला.

आईने स्वतःलाही पुरतं वाढून घेतलं होतं. आम्ही जेवायला बसलो. ती सावकाश, नीट जेवत होती. अर्धं ताट झाल्यावर तिने विचारलं, "त्या मास्तरांच्या घरी कोणी आहे का रे, वाढायला?"

"नाही," मी म्हटलं. "एकटेच असतात."

"मग उद्याही लाव फोन. एक वाजताच. आणि त्यांना म्हणावं, ताट घेऊन बसा. मी विचारीन."

तीन वाजता दुकानात परत गेलो. ग्रुपवर सकाळपासूनचं 'आज कानात काय?' तसंच पडलं होतं. मी लिहिलं, 'दीपगृह, तिसरा तुकडा. मास्तरांच्या कॅसेटवरून, फोनवर.' यापुढे माझी नेहमीची यादी यायची, मिनिट आणि सेकंदासकट. सगळे त्याचीच वाट बघत असणार. चार चव्वेचाळीस हा आकडा अंगठ्याखाली तयार होता. तो न लिहिता मी लिहिलं, 'शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकलं. दोष नाही.'