ड्रेसिंग टेबलावरचा डाग

भरतच्या हाताला एवढी माया फुटलेली वृषालीने आजवर पाहिली नव्हती, आणि म्हणूनच तिचं डोकं फिरलं. माया बायकोवर नव्हती. धाकट्या बहिणीला लग्नात द्यायच्या ड्रेसिंग टेबलावर होती.

घोडेगावातल्या त्यांच्या ओट्यावर चार दिवस हेच चाललं होतं. भरत आधी पॉलिश पेपरने घासायचा, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापसाच्या बोळ्याने हलकेच फिरवायचा. वाळली की पुन्हा. शेजारी श्रेया बसलेली असायचीच. "दादा, लई भारी झालंय!" आणि आत वृषालीच्या वडिलांनी दिलेला सागवानी पलंग सात वर्षं बिनपॉलिशचा, कोराच पडला होता. कधीही विचारा, उत्तर ठरलेलं, "करू की." बायकोच्या पलंगाला सवड नाही, बहिणीसाठी मात्र जेवायची शुद्ध नाही! वृषाली नुसती जळत होती.

पाचव्या दिवशी सकाळी ओट्यावर कोणी नव्हतं. तिने चुलीवरून उतरवलेलं दुधाचं पातेलं तसंच त्या चकचकीत फळीवर टेकवलं. थोडं थांबली, उचललं. लाखेवर पांढरं गोल कडं उठलं होतं. काय बरं वाटलं तिला!

डाग पाहून भरतने तो बोटाने घासून बघितला. "कोनी ठिवलं काय हितं?"

वृषाली भाकरी थापत राहिली.

"माज्याकडूनच झालं असंल, दादा," श्रेया रडकुंडीला आली. "मगाशी चहाची किटली घेऊन आले व्हते. ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

"जाऊ दे, रडू नगंस," भरत म्हणाला.

पुन्हा घासणं, पुन्हा बोळा. आणखी तीन दिवस गेले तेव्हा कुठे कडं गेलं. रिकामा डबा कोपऱ्यात ठेवून भरत आत आला आणि पलंगाच्या कडेवर बसला.

"तुज्या पलंगापुरतं पॉलिश राखून ठिवलं व्हतं. ह्ये टेबल झालं की लगीच लावनार व्हतो. समदं त्या डागात गेलं बघ."

वृषालीचा हात पलंगाच्या कोऱ्या लाकडावर गेला. "मग नवं आना की."

"पाऊस तोंडावर आलाय. ओल्या हवेत लाख पांढरी पडती. आता दिवाळीनंतरच." तो उठला. "पन श्रेयाला काय बोलू नगंस. पोरीनं मुद्दाम थोडंच केलंय?"

"न्हाई बोलत," वृषाली म्हणाली.