अक्कम्माचा वाचक

कल्लप्पानं कंपनीच्या काचेच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवला आणि कळ दाबली. पडदा उजळला, आवाज काही आला नाही.

"बघ, मैत्रेयी. अक्काचं यंत्र मुकं झालंय."

मैत्रेयी भालकीला त्याच्याकडेच संगणक शिकलेली. आता भालकीहून तासाभरावरच्या कोळारच्या या कंपनीत साहेबीण.

पडद्यावरचा मजकूर मराठी-कानडीत बोलून दाखवणारा 'वाचक' कल्लप्पानं आंधळ्या बहिणीसाठी, अक्कम्मासाठी लिहिला होता. तो इतका गोड बोलायचा, की ऐकत उभा राहिलेला कंडक्टर उदगीरची गाडी सोडायचीच विसरला, असं भालकीत अजून सांगतात. कल्लप्पानं तो जगाला मोकळा सोडला: घ्या, बदला, विका. घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा दासोह, येईल त्याला जेवण. पंगतीत बसलेल्याला काही विचारायचं नाही. तेव्हा 'तुम्हीही पुढं असंच मोकळं वाढा', एवढी एक अटसुद्धा परवान्यात घालायला त्याचा हात धजला नाही.

याच कंपनीनं वाचक घेतला, रंगवला, कुलूप घातलं. आणि तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत तिच्या शिक्क्याशिवाय बाहेरचा कुठलाच प्रोग्राम चालेना. कल्लप्पाचा वाचक उंबऱ्याबाहेर. अक्कम्मा नोकरीला होती त्या पतसंस्थेनं सांगून टाकलं होतं: सोमवारी यंत्र बोललं नाही, तर खुर्ची दुसऱ्याला.

"सर, परवाना तुमचाच हाय. वाचून बघा."

"मला कामून वाचायला लावायलीस? मीच लिवलाय की."

मैत्रेयीनं मान खाली घातली.

"अक्कांना आमचा वाचक देते, फुकट, कायमचा. पण तुम्ही कुलपाला वळसा शोधायलाव, ते साहेबांना कळलंय. ते थांबवा. कुणासाठीच न्हाई करायचं."

टेबल लख्ख होतं. तरी कल्लप्पा बराच वेळ ते बाहीनं पुसत राहिला.

संध्याकाळी कंपनीचा वाचक घातलेलं यंत्र घरात बोललं. अक्कम्मा खुदकन हसली.

"गावली व्हय रे वाट? औरादची गंगम्मा दुपारपासून फोन करायलीय. तिचंबी मुकं झालंय, नोकरी जायलीय बिचारीची. म्हटलं, आमचा कल्ल्या समद्यांचं बोलतं करतो बघ."

कल्लप्पा पायातल्या चपलांसकट दारात उभा होता. फोन वाजला. तो हलला नाही.

"उचल की."

फोन वाजतच राहिला. अक्कम्माचं हसू हळूहळू उतरलं. तिनं चाचपडत फोन घेतला. शेजारी यंत्र नितळ मराठीत वाचत सुटलं होतं. तिनं त्याच्या तोंडावर तळहात दाबून धरला.

"गंगम्मा? न्हाई गं," ती म्हणाली. "माझंबी मुकंच हाय."