वळणापलीकडची ठमाबाई

विनिताने बुटाची नाडी उगाचच सोडली आणि पुन्हा बांधली. रस्त्यावर मासळीवाल्या ठमाबाईंचा पत्ता नव्हता, आणि वळणावरच्या बंद टपरीसमोर कुत्र्यांचं अख्खं टोळकं पसरलं होतं.

ऑक्टोबरात दिल्लीची हाफ मॅरेथॉन. आजची लांब धाव चुकली तर दिल्लीचं नाव काढायचं नाही, हे तिचं तिनेच ठरवलेलं. ऑफिसात सगळ्यांना सांगून बसली होती. आता कोणत्या तोंडाने सांगणार, की बाई कुत्र्यांना घाबरली? पण गेल्या वर्षी एकाने पोटरीचा लचका तोडल्यापासून कुत्रं नुसतं उठून उभं राहिलं तरी ती मागे फिरायची.

आजवर निभावलं ते ठमाबाईंच्या जिवावर. पनवेलहून मासळीची पाटी घेऊन त्या रोज सकाळी इथे विचुंब्यात दारोदार विकायला यायच्या. त्या वळणावर दिसल्या, की कुत्री पाटीकडे वळायची आणि विनिता जीव मुठीत धरून पलीकडे सटकायची.

"बाय! ए धावनारे बाय!" वळणापलीकडून हाक आली. "आलीस का गो?"

"मावशी? अहो, तिथे काय करताय? या ना पुढे!"

"मी कशी येऊ? तुजीच वाट बगत बसलेय. तू धावत येतेस, कुत्री तुज्याकडं बगतात, तवर मी निघून जाते."



"अहो, मी तर तुमच्या पाटीच्या भरवशावर येते!"

"पाटीमुलंच तर अंगावर येतात मेली! मना लई भ्या वाटतं त्यांचं."

आवाजाने दोन कुत्री उठली. एक गुरगुरलं. मागे घर होतं, जिना चढून दार लावून घेतलं की झालं. ती अर्धी वळलीसुद्धा.

"बाय, हायस ना गो?" पलीकडचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आहे," विनिता म्हणाली. "तिथेच थांबा. मी येते तुम्हाला घ्यायला."

ती धावली नाही. धावायची हिंमतच नव्हती. कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून ती एकेक पाऊल सरकू लागली. गुरगुर वाढली.

"मावशी, बोलत राहा. गप्प बसू नका."

"काय बोलू?"

"काहीही. आज काय आणलंय?"

"बोंबील हायेत..." ठमाबाईंचा आवाज कापत होता. "मांदेली हाय... कोलंबी हाय... बाय, आलीस का?"

"येतेय. अजून सांगा." भिंत संपली, आणि वळणापलीकडे पाटी कवटाळून बसलेल्या ठमाबाई तिला दिसल्या.