गोडाऊनशेठची बायको

शेलार गावच्या सावळारामशेठच्या गळ्यातली चेन पहिल्या भागात बोटाएवढी जाड होती. चौथ्या भागात ती ट्रक ओढायच्या साखळीएवढी झाली आणि सातव्या भागात शेठला खुर्चीतून उठवायला क्रेन मागवावी लागली. हे सगळं टीव्हीवर, कार्टूनमध्ये. पण धामणकर नाक्यावरचे शेअर रिक्षावाले खऱ्या सावळारामला बघून म्हणायचे, "शेठ, आप अकेले बैठो, चेन का वजन तीन सवारी है." खऱ्या गळ्यात साधी माळसुद्धा नव्हती.

कार्टून काढलं होतं त्याच्या पुतण्यानं, भूपेशनं. मोठ्या माणसांसाठीचं कार्टून, शिव्यांसकट, दर शुक्रवारी दुपारी बाराला. नाव 'आमचा गोडाऊनशेठ'. त्यातला शेठ आधी भातशेती गोडाऊनला देतो, मग विहीर, दारची चिंच मात्र तोडत नाही, तिची सावली चौरस फुटाच्या हिशोबानं भाड्यानं लावतो. आठव्या भागात तर तो देवळात जाऊन मारुतीलाच म्हणाला, "देवा, जरा भिंतीला सरकून उभे ऱ्हावा, चाळीस खोकी बसतात." अख्खी भिवंडी पोट धरून हसली. कारखानदारांनी म्हणे त्या वीस मिनिटांपुरते लूम बंद ठेवले, आणि त्या अचानक शांततेनं खाडीवरचे बगळे असे दचकले की थेट गणेशपुरीला जाऊन उतरले. खोटं वाटत असेल तर बगळ्यांना विचारा.

सावळाराम हसला नाही. रागावलाही नाही. बायको तुळजा जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि तेव्हापासून त्याचं आतलं सगळं दात काढायच्या सुईनंतरच्या गालासारखं झालं होतं. बोट लावलं तर कळतं, लागत काही नाही. सून हेमाली ताट वाढायची, तो चार घास चिवडून उठायचा. पण शुक्रवारी बाराच्या ठोक्याला टीव्हीसमोर हजर.

कारण गोडाऊनशेठच्या बायकोचा आवाज तुळजाचा होता.

त्याचं असं झालं. काकी हिंडती-फिरती होती तेव्हा भूपेशनं तिला माईकसमोर बसवलं आणि हातात कागद दिला. तुळजाला वाचता येत नव्हतं. "कागद ऱ्हाऊ दे काकी, काकाला बोलतेस तसं बोल," तो म्हणाला. "खरंच बोलू?" असं दोनदा विचारून तिनं पदर खोचला आणि सलग दीड तास बोलली. तिची समजूत अशी की, हे सगळं पलीकडच्या खोलीत नवऱ्याला ऐकू जातंय आणि तो गुमान ऐकून घेतोय. संसारात अशी संधी कधी मिळालीच नव्हती. बाहेर आली तर सावळाराम पेपर वाचत बसलेला.

"आयकलंव ना सगलं?" तिनं दटावून विचारलं.

"हो," तो पेपरातून म्हणाला. सवयीनं.

त्या दीड तासाचे तुकडे भूपेशनं भागाभागांत पेरले होते. "शेत इकलंव, आता घाम कुटं गालनार?" "देवानं दोन कान दिलेत, एक तरी माज्याकडं करा." लोकांना ते विनोद. सावळाराम मात्र ते आत्ता पहिल्यांदा ऐकत होता.

बारावा, शेवटचा भाग उरला आणि देवळात गावकीची बैठक बसली. नवशा पाटलानं अर्ज आणला होता: समाजाची बदनामी झाली, शेवटचा भाग दाखवू नये. स्वतः नवशाची सहा गोडाऊनं. चॅनलवाल्यांनी कळवलं होतं की, ज्याची टर उडवली त्याची सही आली तरच भाग थांबेल.

"कर सही, सावळ्या. तुजी इज्जत गेली."

"कुटं गेली?"

"आरं, मारुतीला सरकवलान त्यानं!"

"मारुतीनं केली का सही?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. नवशा पेन नाचवत पुढे सरकला. "मेलेल्या बायकोच्या तोंडून जगासमोर तुजा उद्धार चाललाय. तुला कायच वाटत न्हाय?"

सावळारामनं प्रामाणिकपणे आत चाचपून पाहिलं. खिशात किल्ली शोधावी तसं, इकडे, तिकडे.

"न्हाय," तो म्हणाला. "काय वाटत न्हाय."

"मग गावासाठी तरी वाटून घे!"

पण सही झाली नाही. घरी जाताना त्यानं भूपेशला गाठलं. "शेवटाला ती काय बोलतेय?"

"शिव्या संपल्या, काका. एकच वाक्य उरलंय. त्यात हसायसारखं काय न्हाय. काढून टाकतो."

"ठेव."

शुक्रवारी बारा वाजले. हेमालीनं ताट झाकून ठेवलं होतं. पडद्यावरच्या शेठनं शेवटी स्वतःची सावलीही भाड्यानं दिली. रिकाम्या गोडाऊनच्या पत्र्यावर तो साखळी कवटाळून बसला. खालून बायकोचा आवाज आला. दीड तास बोलून बसलेला, दमलेला.

"बरं, ऱ्हाऊ द्या. जेवलाव का?"

बस. पुढे नावं सरकू लागली. शेजारच्या घरातूनही हसणं आलं नाही.

"न्हाय," सावळाराम टीव्हीला म्हणाला.

मग त्यानं ताटावरचं झाकण काढलं. भात गार झाला होता, चव कशाचीच लागत नव्हती. पण ताट संपेपर्यंत तो उठला नाही.